हिमवाटेचे बूट निवडताना

मार्गशीर्ष-पौषाची थंडी सुरू झाली की पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर येथील गिरिप्रेमी मंडळींना अलीकडे सह्याद्रीबरोबरच हिमालयाचेही वेध लागतात. उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी या गावाहून निघणारी केदारकंठाची वाट, चमोली जिल्ह्यातील ब्रह्मताल व क्वारी खिंड, आणि अधिक साहसी वृत्तीच्या लोकांकरिता गोठलेल्या झंस्कार नदीवरून जाणारी ‘चादर’, ही हिवाळी पदभ्रमणे आता महाराष्ट्रातील तरुणांनाच नव्हे, तर पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थांनाही आवाक्यातील वाटू लागली आहेत, आणि ही गोष्ट सर्वस्वी स्वागतार्ह आहे. मात्र या प्रवासाच्या पूर्वतयारीत एक विसंगती वारंवार दृष्टीस पडते. जाकिटाची निवड पंधरा दिवस चालते, त्यासाठी चार दुकाने पालथी घातली जातात, आणि बुटांचा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात कसाबसा निकालात काढला जातो. जाकीट कमी पडले तर सोबत्याचे एखादे स्वेटर मागून घेता येते. परंतु बारा हजार फुटांवर पहाटे तीन वाजता बूट चुकीचा निघाला, तर त्यावर तेथे काहीही तजवीज करता येत नाही.

सह्याद्रीतील अनुभव या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही, हे प्रथमच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कळसूबाई हे आपले सर्वोच्च शिखर १६४६ मीटरांचे. केदारकंठा सुमारे ३८०० मीटरांचे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते, शिवाय तो प्रदेश आपल्याहून किती तरी उत्तरेला. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तेथील वरच्या मुक्कामी रात्री पारा शून्याखाली पाच-दहा अंश जाणे यात नवल काही नाही. आपल्या कातळावर, घसाऱ्यावर आणि पावसाळी चिखलात उत्तम काम देणारा हलका बूट येथे दोन तासांत ओला होतो व पुढच्या दोन तासांत गोठतो. म्हणून पुरुषांकरिता मिळणाऱ्या उबदार हिवाळी बुटांची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

बूट स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ही गोष्ट उघड असली तरी खरेदीच्या वेळी तिचाच सर्वांना विसर पडतो. पावलाला जी ऊब असते ती रक्तातून येते. आणि शरीर गारठू लागले की हृदय, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब राखण्याकरिता निसर्ग हातापायांकडील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतो, त्यामुळे पायाची बोटे ही या काटकसरीचा पहिला बळी ठरतात. बुटाचे काम एवढेच की, जी उष्णता पावलापर्यंत पोचली ती वाया जाऊ न देणे. ती वाया जाते मुख्यतः तीन वाटांनी: तळव्याखालील बर्फाकडे ती सरळ वाहून जाते, बूट किंवा मोजा ओला झाला की ती झपाट्याने निघून जाते, कारण पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी अधिक उष्णतावाहक आहे, आणि बूट घट्ट असला तर रक्तच पुरेसे येत नाही, म्हणजे उष्णतेचा पुरवठाच मुळात तुटतो. अस्तराची जाडी, जिच्यावर जाहिरातीत सर्वाधिक भर असतो, ती या तीन गोष्टींच्या नंतरची बाब आहे. कोरडा व सैलसर बूट पातळ अस्तराचा असला तरी पायाला राखतो. दमट व आवळ बूट कितीही जाड अस्तराचा असला तरी दगा देतो. या लेखात पुढे जे काही सांगावयाचे आहे, ते सारे या एका प्रतिपादनातून निघालेले आहे.

या प्रतिपादनाला इतिहासाचा भरभक्कम आधार आहे. उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोक रेनडिअरच्या कातड्याचे मऊ बूट घालीत आणि त्यांत मोज्यांऐवजी एक विशिष्ट जातीचे वाळलेले गवत भरीत. मुक्कामाला पोचल्यावर ते गवत बाहेर काढून, झटकून, वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. अ‍ॅमुंडसेन आणि स्कॉट या दोघांच्याही दक्षिण ध्रुवाकडील मोहिमांत हे बूट व हे गवत वापरले गेले. गवताच्या काड्यांमध्ये अडकलेली कोरडी हवा हीच तेथे खरी ऊब राखणारी वस्तू होती, आणि घाम टिपलेले गवत रोज वाळविणे हा त्या व्यवस्थेचा प्राण होता. याच्या उलट दाखला कोरियन युद्धातला आहे. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात चोसिन जलाशयाच्या परिसरात लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या पायांत खाली रबर व वर चामडे असे हिवाळी बूट होते. चढावर ओझी वाहताना त्यांत घाम साचे, कारण रबरातून तो बाहेर पडण्यास मार्ग नव्हता. आणि सैनिक एका जागी थांबताच तोच घाम गोठू लागे. हिमदंशाने कित्येकांची बोटे गेली. पुढे त्या सैन्याने रबराच्या दोन थरांमध्ये लोकर हवाबंद करून ठेवलेला नवा बूट काढला. त्याचे मर्मही हेच की, घाम आला तरी तो अस्तरापर्यंत पोचूच नये.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेकरिता ब्रिटनमधील पादत्राण-संशोधन संस्थेने जे खास बूट तयार केले, त्यांतील अस्तर तर आपल्या ओळखीच्या वृक्षकुळातले होते. पांढऱ्या सावरीच्या बोंडांतून निघणाऱ्या मऊ तंतूंचा सुमारे इंचभर जाडीचा थर पातळ चामडे आणि आतील जलाभेद्य आवरण यांच्यामध्ये बसविला होता. हिलरी यांची पावले ज्या ऊबेने राखली, ती अखेर वनस्पतीच्या तंतूंत कोंडलेल्या हवेचीच होती. तीन वर्षे आधी, १९५० च्या जूनमध्ये अन्नपूर्णेचे शिखर गाठणारे मोरिस हेर्झोग हाताची व पायाची बोटे गमावून परतले होते, ही हकिगत त्या बुटांच्या रचनाकारांच्या डोळ्यांसमोर असलीच पाहिजे.

आता बाजारात जाऊ. बुटाच्या जिभेवर किंवा खोक्यावर ‘२०० ग्रॅम’, ‘४०० ग्रॅम’, ‘६०० ग्रॅम’ असे आकडे असतात आणि पुष्कळ ग्राहकांना ते बुटाचे वजन वाटते. वस्तुतः एक चौरस मीटर अस्तराचे ते वजन होय. थिन्सुलेट, प्रायमालॉफ्ट इत्यादी कृत्रिम तंतूंची जाडी व्यक्त करण्याची ती रीत आहे. सतत चालत राहणाऱ्या माणसाला २०० ग्रॅम सामान्यतः पुरेसे होते. थांबे अधिक असतील, किंवा ज्याचे पाय घरी पंख्याखालीही गार पडतात त्याला ४०० ग्रॅम घेण्यास हरकत नाही. आणि ६०० ग्रॅमच्या पुढील बूट हे मुख्यतः एका जागी तासन्‌तास बसून राहणाऱ्या शिकाऱ्याकरिता, पहारेकऱ्याकरिता किंवा बर्फावर काम करणाऱ्या मजुराकरिता असतात. केदारकंठासारख्या वाटेवर पाठीवर ओझे घेऊन चार-पाच तास चढणाऱ्या पुरुषाने असा बूट घातला, तर दुपारच्या उन्हात त्याचा पाय घामाने भिजेल आणि संध्याकाळी मुक्कामावर तोच घाम त्याला गारठवील. माझे स्पष्ट मत असे की, उत्तराखंडातील हिवाळी वाटांकरिता २०० ग्रॅमचा बूट घ्यावा, शंकाच असेल तर ४०० चा घ्यावा, आणि त्यापलीकडे जाऊ नये.

खोक्यावर कधी कधी ‘उणे ३२ अंशांपर्यंत’ असाही निर्वाळा असतो. गिरिभ्रमणाच्या बुटांच्या बाबतीत हे आकडे सर्व कारखानदारांना बांधील अशा एखाद्या सामाईक कसोटीवर मुक्रर झालेले नसतात. प्रत्येकाची चाचणी वेगळी, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून निर्णय घेणे व्यर्थ होय. कारखान्यातील संरक्षक बुटांकरिता मात्र एक आंतरराष्ट्रीय कसोटी आहे: बूट उणे १७ अंशांच्या थंडीत ठेवावयाचा आणि अर्ध्या तासात त्याच्या आतील तापमान दहा अंशांहून अधिक उतरता कामा नये. या कसोटीवरून एवढे ध्यानात यावे की, परीक्षा रिकाम्या बुटाची असते. त्यात घामेजलेला पाय नसतो, आवळलेली नाडी नसते, उपाशीपोटी पहाटे उठलेला माणूस नसतो. सबब खोक्यावरील अंशांना केवळ जुजबी महत्त्व द्यावे.

पाण्यापासून संरक्षण हा यानंतरचा मुद्दा. १९६९ साली अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांना टेफ्लॉनची कांडी तापवून एकदम झटक्याने ताणली असता ती असंख्य सूक्ष्म रंध्रांची होते असे आढळले, आणि त्यातून ‘गोर-टेक्स’ हे पटल निर्माण झाले. पाण्याच्या थेंबाहून सुमारे वीस हजार पटींनी लहान अशी त्याची रंध्रे असल्यामुळे बाहेरचे पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. आज अनेक कंपन्यांची अशी पटले आहेत आणि हिवाळी बुटाला असे काहीतरी असावेच. तथापि त्यापासून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. कडाक्याच्या थंडीत वाफ पटलापर्यंत पोचण्यापूर्वीच अस्तरात निवते, आणि वरून, म्हणजे बुटाच्या काठावरून, बर्फ आत शिरला तर पटल काहीच करू शकत नाही. उलट आत गेलेले पाणी ते आतच अडवून ठेवते. याकरिता घोट्याच्या वर चांगला चढणारा बूट आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचे गेटर्स (पोटरीवर बांधावयाची आवरणे) हा बंदोबस्त अनिवार्य समजावा. बुटाची जीभ दोन्ही बाजूंना वरपर्यंत शिवलेली आहे की मोकळी, हे बोट आत घालून पाहावे; पुष्कळ बुटांत पाणी शिरते ते येथूनच.

चादरीचा प्रकार मात्र याहून निराळा. तेथे रात्री उणे वीस अंशांच्याही खाली जाणारी थंडी आणि दिवसा बर्फाच्या थरावरून वाहणारे घोटाभर पाणी, अशी दुहेरी परीक्षा असते. तेथील झंस्कारी हमाल व वाटाडे साधे रबरी गमबूट आत लोकरीचे जाड मोजे घालून वापरतात आणि लेहमध्ये येणारे पर्यटकही बहुधा तेच विकत घेतात. महागड्या बुटाचा मालक या गमबुटाकडे प्रथम अविश्वासाने पाहतो. परंतु ज्या नदीवर पाऊल पाण्यात बुडणे अटळ आहे, तेथे शिवण नसलेले अखंड रबर हेच शहाणपणाचे, फक्त रोज संध्याकाळी मोजे बदलण्याची व गमबूट आतून पुसून काढण्याची शिस्त पाळली पाहिजे. स्थानिक लोकांची वहिवाट ही शतकांच्या प्रयोगातून सिद्ध झालेली असते. लडाखातील ‘पाबू’ हे लोकरी कापडाचे व चामडी तळाचे पारंपरिक पादत्राण सैल व रुंद असते, याचे मर्म आपल्या दुकानदारालाही समजले तर बरे होईल.

आता मापाविषयी, कारण सर्वाधिक बूट येथेच फसतात. आपल्याकडील पुरुषांना वयाच्या विसाव्या वर्षी मोजलेले माप आयुष्यभर पुरते अशी समजूत असते. वास्तविक वयाबरोबर पावलाची कमान खचते, पाऊल लांबते व पसरते, आणि आठ नंबर सांगणाऱ्याला नऊ लागतो. शिवाय बाजारातील बहुतेक हिवाळी बूट युरोपीय अथवा अमेरिकन पावलांच्या साच्यांवर बेतलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांची मोजमापे घेतली असता भारतीय पाऊल सामान्यतः युरोपीय व अमेरिकन पावलांपेक्षा रुंद असल्याचे आढळले, आणि रुंदी न मिळाल्याने लांबी वाढवून घेण्याची आपली सवयही त्यावरून उलगडते. ती सवय हिमात घातक आहे, कारण लांब बुटात टाच सुटी पडते व फोड येतात. अमेरिकन कंपन्यांच्या बुटांवर ‘डी’ हे अक्षर पुरुषांच्या सर्वसाधारण रुंदीचे, ‘टू-ई’ रुंद पावलाचे आणि ‘फोर-ई’ अतिरुंद पावलाचे निदर्शक असते. ज्यांचा चवडा पसरट आहे त्यांनी आग्रहाने रुंद साचा मागावा. ब्रिटिश व भारतीय क्रमांक सारखे, अमेरिकन क्रमांक पुरुषांच्या बाबतीत सहसा एकाने अधिक, आणि युरोपीय ४२ हा आपल्या आठच्या आसपासचा, एवढी खूणगाठ बांधून दुकानात शिरावे.

दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभर उभे राहून व चालून पाऊल किंचित सुजलेले असते आणि पर्वतावरही ते तसेच सुजते. जे मोजे तेथे घालावयाचे, नेमके तेच बरोबर न्यावेत. दुकानातील पातळ नायलॉनचा नमुना घालून घेतलेले माप कवडीमोलाचे. प्रथम बुटातील आतला सुटा तळवा बाहेर काढून जमिनीवर ठेवावा व त्यावर मोजा घातलेले पाऊल टाकून उभे राहावे: सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, आणि करंगळीकडील मांस तळव्याच्या कडेबाहेर ओसंडता कामा नये. मग तळवा परत बसवून, बूट घालून, नाडी न बांधता पाऊल पुढे सरकवावे. बोटे पुढे टेकली असता टाचेमागे एक बोट सहज जावे. आता टाच मागे ठोकून नाडी बांधावी, चवड्यावर सैल व घोट्यापाशी घट्ट, आणि बोटे आत हालवून पाहावीत. ती हार्मोनियमवर फिरावी तितकी मोकळी हालली पाहिजेत. हा मोकळेपणा नसेल, तर बूट कितीही सुंदर असो, कितीही सवलतीत मिळत असो, तो परत ठेवावा. शेवटी दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावरून, नसेल तर जिन्यावरून, खाली उतरावे. उतारावर बोटे पुढच्या टोकाला आपटली तर केदारकंठाच्या शिखरावरून उतरताना अंगठ्याचे नख काळे पडणार, हे नक्की समजावे. हे सारे करण्यास वीस मिनिटे लागतात आणि पुण्याच्या उकाड्यात पाय भाजल्यासारखा होतो, तेव्हा ‘फार गरम होतो’ म्हणून चांगला बूट नाकारण्याची चूक पुष्कळांकडून घडते; त्या उष्म्याकडे दुर्लक्ष करून केवळ मापाकडे लक्ष द्यावे.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक विचार शरीरभाराचा. ऐंशी-नव्वद किलोचा गृहस्थ पाठीवर दहा किलोची पिशवी घेऊन उभा राहिला की तळव्याखालील मऊ अस्तर दबून त्यातील हवा नाहीशी होते. म्हणून वरच्या भागाचे अस्तर कितीही जाड असले तरी तळाशी न दबणारा, घट्ट फेसाचा किंवा नमद्याचा तळवा असल्याखेरीज थंडी खालून चढतेच. बूट मधोमध वाकवून पाहावा. तो चवड्यापाशी वाकावा, मध्यभागी नव्हे. आणि पीळ दिला असता त्याने थोडा विरोध करावा. वजनदार माणसाने या परीक्षेत कडक निघणारा बूट घ्यावा. एकूण वजन मात्र वाढू देऊ नये, कारण पायातील अर्धा किलो म्हणजे पाठीवरील अडीच किलो, असा गिर्यारोहकांचा जुना हिशेब आहे.

तळाच्या रबराची गोष्ट सांगताना इटलीतील विताले ब्रामानी यांचे स्मरण केलेच पाहिजे. १९३५ साली आल्प्समधील एका मोहिमेत, अयोग्य पादत्राणे हे ज्याचे एक कारण होते अशा अपघातात, त्यांचे सहा सोबती दगावले. त्या आघातातून त्यांनी खोल खाचांचा रबरी तळ निर्माण केला, तो १९३७ मध्ये बाजारात आला, आणि त्यांच्याच नावावरून झालेल्या ‘व्हिब्रम’ या पिवळ्या खुणेचा तळ आज जगभरच्या बुटांना असतो. हिवाळी बुटाच्या तळाच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून अंतर राखून असाव्यात, म्हणजे त्यांत अडकलेला बर्फ पुढच्या पावलाबरोबर गळून पडतो. काही रबर थंडीत लाकडासारखे कडक होते. थंडीत मऊ राहणारे रबर वेगळे असते आणि विक्रेत्यास तसे स्पष्ट विचारावे. तरीही कठीण, काचेसारख्या बर्फावर कोणतेही रबर टिकत नाही. तेथे बुटावर ताणून बसवावयाचे मायक्रोस्पाइक्स लागतात, आणि ते आपल्या बुटावर नीट बसतात की नाही याची खातरजमा पुण्यातच करावी. मोठ्या दातांचे क्रॅम्पॉन मात्र कडक तळाच्या गिर्यारोहणी बुटांकरिता असतात, लवचिक पदभ्रमणी बुटावर ते चालताना निसटतात.

मोज्यांविषयी थोडक्यात एवढेच की, सुती मोजा घरी ठेवावा, कारण सूत घाम शोषून धरून ठेवते. आत पातळ कृत्रिम धाग्याचा आणि वर लोकरीचा एक, असे दोन पुरेत. थंडीच्या भीतीने तीन-तीन मोजे चढविणारा मनुष्य स्वतःच्याच हाताने रक्तप्रवाह आवळतो. झोपण्याकरिता एक जोड सर्वस्वी कोरडा राखून ठेवावा आणि काहीही झाले तरी तो घालून चालू नये.

ज्या बुटाचे आतील अस्तर सुटे होऊन बाहेर निघते, तो अनेक रात्रींच्या मुक्कामाकरिता अधिक सोयीचा, हे सामी लोकांच्या गवतावरून ध्यानात आलेच असेल. अस्तर निघत नसेल तर निदान आतला तळवा तरी रोज काढावा. केदारकंठाच्या वाटेवरील जुडा का तालाब किंवा त्यावरच्या मुक्कामी संध्याकाळी तंबूत शिरल्यावर प्रथम नाडी पूर्ण सैल करून, बुटाची जीभ उघडी टाकून, तळवे व दमट मोजे काढावेत. तळवे अंगावरच्या कपड्यांत धरून स्लीपिंग बॅगमध्ये न्यावेत, आणि बूट बाहेर न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायांशी घ्यावेत. बाहेर राहिलेल्या बुटाची नाडी पहाटे ताठ होते, चामडे वळत नाही, आणि निघण्याच्या घाईत तो चढविण्याकरिता बोटांना जो अर्धा तास उघडे राहावे लागते, तेथेच पायाचाही गारठा सुरू होतो. बुखारीच्या शेगडीजवळ किंवा शेकोटीवर बूट वाळवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्या आचेने तळाचा गोंद सुटतो व चामडे तडकते.

विकत घ्यावे की भाड्याने, हा प्रश्न खर्चाचा असल्याने त्याला टाळून चालणार नाही. आयुष्यात एकदाच बर्फ पाहावयास जाणाऱ्याला चांगला, घोट्याच्या वर चढणारा जलाभेद्य चामडी बूट, लोकरी मोजे आणि सांकरीत भाड्याने मिळणारे गेटर्स व मायक्रोस्पाइक्स यांवर केदारकंठा निर्वेधपणे करता येतो; तशा बुटाचा पुढे सह्याद्रीतही उपयोग होतो. भाड्याचा उबदार बूट घ्यावयाचा झाल्यास मागील माणसाचा घाम त्यात वाळलेला आहे की नाही हे हात घालून पाहावे, तळ सुटत नाही ना हे टोकाकडून ओढून पाहावे, आणि आपल्या मापाचा नसेल तर एक नंबर लहान घेण्यापेक्षा एक नंबर मोठा घ्यावा. दरवर्षी जाणाऱ्याने मात्र स्वतःचाच बूट घ्यावा, त्यात काटकसर करू नये.

प्रकृतीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. तंबाखू व सिगारेट यांतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणजे बुटाने राखावयाची ऊब ते पावलापर्यंत येऊच देत नाही. ज्यांना ही सवय आहे त्यांनी निदान पर्वतावरील दिवस तरी ती सोडावी. मद्याने क्षणभर ऊब वाटते, पण कातडीकडे रक्त वळून शरीराची उष्णता बाहेर जाते. मधुमेही व्यक्तींच्या पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि थंडीची पहिली सूचना वेदनाच देत असल्याने त्यांना धोका कळतच नाही. त्यांनी वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून जाऊ नये आणि दर थांब्यावर बोटे डोळ्यांनी पाहावीत. गारठ्याने दुखणारे बोट एकाएकी दुखेनासे झाले, कातडी पांढुरकी व मेणासारखी दिसू लागली, तर ते बरे झाल्याचे लक्षण न मानता गंभीर इशारा समजावा. ते बोट बर्फाने चोळू नये, आगीजवळ धरू नये. सोबत्याच्या काखेत किंवा पोटाशी धरून ऊब द्यावी, आणि वाटाड्यास तत्काळ सांगून खाली उतरावे.

नवा बूट अंगवळणी पाडण्याची अडचण आपल्या हवेत विशेष आहे. त्याकरिता डिसेंबरातल्या पहाटे सिंहगडाची वाट योग्य; ऊन चढण्यापूर्वी उतरून यावे, आणि घरी इमारतीचे जिने रोज चढ-उतार करावेत. थंडीत मऊ राहणारे रबर आपल्या तापलेल्या काळ्या कातळावर झपाट्याने झिजते, म्हणून हा बूट राजगड-तोरण्याच्या नित्य भटकंतीस वापरू नये. परतल्यावर तो माती काढून, सावलीत, वारा लागेल अशा जागी पूर्ण वाळवावा आणि खोक्यात बंद करून माळ्यावर टाकू नये. बुटाच्या मधल्या थरात वापरले जाणारे पॉलियुरेथेन हवेतील दमटपणाने हळूहळू कुजते. मुंबई-कोकणातील चार पावसाळे बंद खोक्यात काढलेला, वरून नवा कोरा दिसणारा बूट चढणीच्या पहिल्याच दिवशी तळापासून सुटतो. तेव्हा पुढील प्रवासाच्या निदान महिनाभर आधी तो बाहेर काढावा, मधल्या थरात अंगठा जोराने दाबून पाहावा, चूर पडत असेल किंवा बारीक भेगा दिसत असतील तर तळ बदलून घ्यावा, आणि एक संपूर्ण दिवस तो पायात घालून वावरल्यानंतरच पिशवीत भरावा.